कोकम सरबताचा कारखाना बांधताना: सातबाऱ्यापासून पहिल्या बाटलीपर्यंतची तीन वर्षं

आंबा, काजू, कोकम, जांभूळ यांवर काहीतरी करू बघणाऱ्या लोकांचे मला अधूनमधून फोन येतात. "ताई, शेड घालतोय. तुमचा नकाशा पाठवाल का?" मी पाठवते. पण आमचा नकाशा आमच्या जागेचा, आमच्या उताराचा आणि आमच्या कोकमाचा आहे. तो दुसऱ्याच्या जमिनीवर जसाच्या तसा बसणार नाही. तो असा का झाला, कुठे चुकला, किती दिवस आणि किती पैसे लागले हे कळलं तर जास्त उपयोग होईल, म्हणून तारखांसकट सगळं लिहून काढते आहे.

आमचं गाव कुडाळ तालुक्यात. २०१५ पासून मी घरच्या पडवीत आगळ आणि अमृत कोकम करत होते. एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, यायचे, खळ्यात ताडपत्रीवर ओतायचे, शेजारच्या चौघीजणी विळीवर फोडायच्या. साली मिठात घातल्या की आगळ, साखरेत घातल्या की अमृत कोकम. एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी होती, वर्षाला १०० रुपये फी. ती तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला चालायची. मार्च २०२२ अखेर आमची उलाढाल साडेदहा लाखांवर गेली होती. त्याच मे महिन्यात पुण्याच्या एका खरेदीदाराचा माणूस माल बघायला आला. सरबत त्याला मनापासून आवडलं. मग त्याने पडवीकडे बघितलं: पिंपांच्या शेजारी सासऱ्यांची बाज, वर वाशांना टांगलेली सुकी मिरची, कोपऱ्यात आंब्याची अढी. "माल उत्तम आहे ताई. स्वतंत्र जागा आणि राज्य परवाना झाला की बोलू," एवढंच तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण सात वर्षं करतोय त्याला अजून कारखाना म्हणता येत नाही, हे पहिल्यांदा समोर आलं.

जमीन होती. रस्त्याला लागून सासऱ्यांच्या वाट्याची २२ गुंठे, पण सातबाऱ्यावर चार नावं. कोकणातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. दोन चुलतदीर मुंबईत, एक डोंबिवलीला, आणि बँक म्हणते सामायिक जमिनीवर कर्ज नाही. आधी सगळ्यांना गणपतीत घरी आल्यावर एकत्र बसवलं, कोणता तुकडा कोणाचा ते जागेवर फिरून ठरवलं, मग तहसील कार्यालयात संमतीने वाटपाचा अर्ज केला. मोजणी, नोटिसा, तलाठ्याकडे फेरफार असं करत ९ जानेवारी २०२३ ला सासऱ्यांच्या एकट्याच्या नावाचा सातबारा हातात आला. मुंबईच्या चार खेपा, मोजणी फी, मुद्रांक आणि इतर मिळून साधारण ३१ हजार रुपये गेले. तुमचा सातबारा सामायिक असेल तर आर्किटेक्टकडे जाण्याआधी हे काम हातात घ्या. आमचे सात महिने यातच गेले, आणि त्या काळात नकाशावर एक रेघही ओढता येत नव्हती.

जानेवारीतच कणकवलीच्या एका आर्किटेक्ट मॅडमना भेटलो. नकाशा, मंजुरीची कागदपत्रं आणि बांधकामादरम्यान आठ भेटी यांचे ८५ हजार ठरले, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे २५ हजार वेगळे. त्यांनी घरं आणि दोन लॉज केले होते, खाद्यपदार्थांचा कारखाना हा पहिलाच. ते त्यांनी आधीच मोकळेपणाने सांगितलं, म्हणूनच मला त्या आवडल्या.

पहिला नकाशा दिसायला सुरेख होता. रस्त्याकडे काचेचं ऑफिस, विक्रीचं दालन, मागे साठ बाय तीसचा मोठा हॉल. त्यात यंत्रांचे चौकोन काढलेले. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून आम्ही सगळे बघत होतो. माझे सासरे चाळीस वर्षं चिऱ्याची (जांभ्या दगडाची) घरं बांधणारे गवंडी. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आणि पाणी खंय जातला?"

मॅडमनी छपराच्या पन्हळी दाखवल्या. "पावसाचा नाय. आतला." आम्ही गप्प. आतल्या पाण्याचा कोणी विचारच केला नव्हता. ते म्हणाले, "पाण्याक वाट करून दी गो बाय, नायतर ता आपली वाट आपणच काढतला."

तेव्हापासून आमच्या नकाशाचं काम पाण्यापासून सुरू झालं. फेब्रुवारीत मॅडमना घेऊन मी दोन ठिकाणी जाऊन आले, एक आंब्याच्या रसाचा बऱ्यापैकी मोठा कारखाना, एक आमच्यासारखाच छोटा. मोठ्या ठिकाणी धुण्याच्या भागात सिमेंटची जमीन खडबडीत झालेली, खळगे पडलेले, खळग्यांत पिवळट पाणी साचलेलं. बायका लाकडी फळ्यांवर उभ्या राहून काम करत होत्या. मालकांनी सांगितलं, जमीन दोनदा करून झाली. छोट्या ठिकाणी शौचालयाचं दार सरळ बाटल्या भरायच्या खोलीसमोर उघडत होतं आणि तेवढ्यावरून त्यांना तपासणीत सुधारणा करायला लावली होती. दोन्ही ठिकाणी लोकांनी काही न लपवता दाखवलं, त्यांचे उपकार आहेत.

एप्रिल-मे २०२३ च्या हंगामात मी एक काम केलं, जे मी प्रत्येकाला करायला सांगते. पडवीत चालू असलेल्या कामाचं मोजमाप घेतलं. बादल्यांवर खुणा केल्या आणि दारामागे वही टांगली. रोज सरासरी ३०० किलो रातांबे येत होते. फळ धुवायला ६०० लिटर, भांडी आणि पिंपं धुवायला ४५०, बाटल्यांना ५००, जमीन धुवायला ३५०. म्हणजे दिवसाला १,९०० लिटर पाणी आत येतं आणि जवळजवळ तेवढंच आंबट, खारट, सालपटांसकट बाहेर जातं. शिवाय कोण किती वेळा कुठून कुठे जातं तेही लिहिलं. एक बाई दिवसात त्रेसष्ट वेळा फोडायच्या जागेवरून पिंपापर्यंत गेली होती. वजनाचा काटा चुकीच्या कोपऱ्यात होता, एवढंच कारण.

या वहीवरून मॅडमनी दुसरा नकाशा केला, ४४ बाय ४० फुटांचा. आमची जागा रस्त्यापासून पश्चिमेला ओहोळाकडे उतरते. म्हणून वरच्या, रस्त्याकडच्या बाजूला बाटल्या भरण्याची आणि तयार मालाची खोली घेतली आणि खालच्या बाजूला रातांबे उतरवण्याची, धुण्याची जागा. माल खालून वर जातो, पाणी वरून खाली. बाटल्या भरायच्या खोलीतलं स्वच्छ धुणं गटारातून फळ धुण्याच्या भागाकडे वाहतं. फळ धुतलेलं पाणी बाटल्यांच्या खोलीकडे कधीच येत नाही. कच्च्या मालाचा टेम्पो त्यासाठी उत्तरेने वळसा घालून खाली न्यावा लागतो, तेवढा रस्ता करायला ४० हजार जास्त गेले.

२ जूनला, पाऊस यायच्या आधी, खळ्यात आणि शेजारच्या कुणग्यात (भाताच्या खाचरात) चुन्याच्या फक्कीने हा नकाशा खऱ्या मापाने आखला. भिंतीच्या जागी रेघा, दाराच्या जागी दोन विटा, पाक करायच्या किटलीच्या जागी पाण्याचं पिंप. चौघीजणींना सांगितलं, नेहमीसारखं काम केल्यासारखं चाला. एकीच्या डोक्यावर रातांब्यांची पाटी, एकीच्या हातात रिकाम्या बाटल्यांचा क्रेट, एकजण पिंप लोटतेय. पाचव्या मिनिटाला पाटीवाली आणि क्रेटवाली एकाच दोन विटांच्या मध्ये समोरासमोर आल्या. कागदावर तो दरवाजा अगदी योग्य दिसत होता. मॅडम तिथेच उकिडव्या बसल्या, पायाने फक्की पुसली आणि रिकाम्या बाटल्यांसाठी पूर्वेकडून वेगळं दार घेतलं. पिंपवालीला तीन फुटी दारातून वळता येईना, म्हणून आतले सगळे दरवाजे चार फुटी झाले. आणखी एक गोष्ट तिथेच ठरली. सगळ्यात वयस्कर काकी म्हणाल्या की उभं राहून फोडायला कंबर धरेल आणि जमिनीवर बसायला तर आता परवानगी नाही. मग फोडण्याच्या टेबलाची उंची आणि स्टुलाची उंची त्यांना बसवून मोजली. स्टीलची टेबलं त्याच मापाची करून घेतली.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे होईल.

आता पैशांचं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून, जिला सगळे पीएमएफएमई म्हणतात, आमच्या वेळी पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान मिळायचं. आपल्याकडे ती कृषी विभागामार्फत चालायची आणि प्रकल्प अहवाल करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असायच्या. त्यांना आपण पैसे द्यायचे नसायचे. आम्हाला मिळालेल्या गृहस्थांनी तीन संध्याकाळी घरी बसून अहवाल केला. पण नकाशा करणाऱ्यांनी एक अट आधीच वाचायला हवी: पात्र खर्चात बांधकामाचा वाटा ३० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नव्हते, जमीन तर नाहीच. आमची यंत्रं १७ लाखांची. त्या हिशेबाने बांधकाम फक्त ७ लाख २८ हजार धरलं, पात्र खर्च सुमारे २४ लाख २८ हजार, अनुदान साडेआठ लाख. प्रत्यक्ष बांधकाम साडेपंचवीस लाखांचं. वरचे अठरा लाख आमचे: काही साठवलेले, काही दागिन्यांवरचे, काही दिराने दिलेले. हे कळल्यावर काचेचं ऑफिस आणि विक्रीचं दालन नकाशातून गेलं. अनुदानाची रक्कमही हातात येत नाही. ती बँकेत वेगळ्या खात्यात तीन वर्षं राहते आणि नंतर कर्जात वळती होते. हप्ता ठरवताना ती धरू नका.

परवानग्यांचा क्रम आम्हाला असा लागला. आमच्या जमिनीला महसूल संहितेचं कलम ४४-अ लागू झालं, त्यामुळे औद्योगिक वापरासाठी आधी बिनशेती परवानगी घ्यावी लागली नाही. तेव्हा वापर सुरू केल्यावर ३० दिवसांत कळवायचं होतं आणि अकृषिक आकारणी भरायची होती. जमिनीचा झोन काय आहे त्यावर हे ठरायचं, म्हणून झोन दाखला सगळ्यात आधी काढा. ग्रामपंचायतीचा ना-हरकत ठराव जुलै २०२३ च्या मासिक सभेत झाला. बांधकाम परवानगीची फाईल जुलैच्या शेवटी गेली. एका कार्यालयात ती पाच आठवडे एकाच टेबलावर होती. चौकशी केली तेव्हा कळलं की रस्त्याच्या मध्यापासूनचं अंतर नकाशावर लिहायचं राहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात कोणी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून दिलं असतं. दर सोमवारी स्वतः जाऊन फाईल कुठे आहे ते विचारत जा. कोणी रागावत नाही. परवानगी १३ ऑक्टोबरला मिळाली.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र दोन टप्प्यांत असतं: उभारणीसाठी एक, चालवण्यासाठी दुसरं. पहिलं बांधकाम सुरू करण्याआधी घ्यायचं. फळप्रक्रिया तेव्हा ऑरेंज, म्हणजे मध्यम प्रदूषणाच्या, प्रवर्गात येत होती, त्यामुळे सांडपाणी कुठे आणि कसं जाणार ते आकृतीसह द्यावं लागलं. इथे आमची १,९०० लिटरची वही कामाला आली. आकडा अंदाजाने लिहिला नव्हता, म्हणून त्यावर पुढे प्रश्न आला नाही. मागच्या बाजूला चार कप्प्यांची टाकी ठरली: आधी जाळी, मग निवळणं, मग चुन्याची निवळी घालून आंबटपणा मारणं, मग शेवटचा कप्पा. आगळाची पिंपं धुतलेलं खारट पाणी मात्र झाडांना घालता येत नाही. त्याची वेगळी उथळ टाकी केली, ती उन्हात आटते. आमच्याकडे आठच माणसं असल्यामुळे कारखाना कायद्याखालची नोंदणी लागली नाही.

तुळशीची लग्नं झाल्यावर २९ नोव्हेंबर २०२३ ला पाया खणला. जोतं तीन फूट उंच. भिंती चिऱ्याच्या, बाहेरून तशाच, फक्त सांधे (दर्जा) भरून ठेवलेल्या, आतून गिलावा आणि सात फुटांपर्यंत पांढऱ्या टाइल्स. चिरा सच्छिद्र असतो. ओल, बुरशी, मुंग्या सगळं धरून ठेवतो, त्यामुळे आत तो उघडा ठेवून चालत नाही. खिडक्यांचे उंबरे आतून तिरके उतरते केले, म्हणजे त्यावर कोणी चहाचा कप, कात्री काही ठेवू शकत नाही आणि धूळ साचत नाही. जाळ्या काढून धुता येतील अशा. भिंत आणि जमीन मिळते तिथे काटकोन न ठेवता गोलाई. सासऱ्यांनी पहिल्या खोलीची गोलाई स्वतः करून दाखवली, बाटली उलटी धरून ओल्या गिलाव्यावरून फिरवत. जमिनीला दर दहा फुटांना दीड इंच उतार. पाण्याची पातळी घेऊन, बादलीभर पाणी ओतून, ते कुठेही न थांबता गटारात जाईपर्यंत गवंड्यांना सोडलं नाही. मार्च २०२४ मध्ये छप्पर चढलं.

आणि मग आमची सगळ्यात मोठी चूक.

फरशी कोटा घ्यायची ठरली होती. सिमेंट खराब होतं ते डोळ्यांनी बघितलं होतं, दगड टिकेल असं मला, मॅडमना आणि ठेकेदाराला, तिघांनाही वाटलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फरशी पूर्ण झाली, पॉलिश होऊन हिरवट निळी चमकत होती. १५ एप्रिलला मी जुन्या आगळाचं एक पिंप आणून ठेवलं. नळातून थोडं गळलं असावं. चार दिवसांनी पुसायला गेले तर पिंपाखालची जागा फिकट पांढरी, हाताला खरखरीत. सांध्यातलं सिमेंट नखाने खरवडलं तर भुग्यासारखं निघालं. घरी आले, फरशीचा उरलेला तुकडा ओट्यावर ठेवला, त्यावर चमचाभर आगळ टाकलं आणि वाकून बघत बसले. कडेला अगदी बारीक बुडबुडे येत होते. मोहरीपेक्षा बारीक, पण एकामागोमाग एक. कोटा म्हणजे चुनखडीच. कोकमाचं आम्ल चुन्याला खातं आणि आगळात वरून मीठ. ज्या फरशीवर पुढची वीस वर्षं हे सांडणार, ती चार दिवसांत बोलली होती.

मी ओट्याला टेकून रडले. हंगाम दारात होता. खरेदीदाराला जूनचा शब्द दिला होता. नवरा म्हणाला, या वर्षी असंच चालवू, पुढच्या वर्षी बघू. सासऱ्यांनी तुकडा उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, काढा. ओल्या भागातली ९०० चौरस फूट फरशी काढली. जाडजूड आम्लरोधक टाइल्स आणि सांध्यांत इपॉक्सी, मजुरीसकट चौरस फुटाला १६० रुपये, म्हणजे १ लाख ४४ हजार. आधीचे लाखभर पाण्यात. ठेकेदाराने निम्मी मजुरी घेतली नाही, हे नमूद करायला हवं. २०२४ चा हंगाम गेला. त्या वर्षीही पडवीतच काम केलं, तेही कमी.

कुठलीही फरशी, सांध्याचं मिश्रण, रंग, गास्केट घेण्याआधी तुकडा मागून घ्या आणि तुमचा स्वतःचा माल त्यावर आठ दिवस ठेवा. यंत्रांचंही तसंच. आगळासाठीच्या टाक्या आम्ही ३१६ दर्जाच्या स्टीलच्या घेतल्या, कारण साध्या ३०४ ला मिठाने बारीक छिद्रं पडू शकतात. साखरेच्या पाकाला ३०४ पुरतं, तिथे जास्त पैसे घालायची गरज नाही.

हंगाम गेला, पण रिकामी इमारत एका पावसाळ्यातून निघाली, हा मोठाच फायदा झाला. जून २०२४ च्या पहिल्या जोराच्या झडीत पश्चिमेच्या दारातून पाणी आत आलं. ते दार सालपटं आणि बिया बाहेर काढण्यासाठी होतं, नकाशात ते बरोबर होतं, पण आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो. तिथे सहा फुटांची पडवी काढली. छपरावरचे फिरते वायुवीजक वाऱ्यात टपकत होते, खाली नेमकी पाक करायची किटली. ते काढून टाकले आणि आढ्याला वरून झाकलेली, बाजूंनी उघडी फट ठेवली, वाफही जाते आणि पाणीही येत नाही. पागोळ्यांचं पाणी जोत्याला लागून माती खणत होतं, म्हणून चारही बाजूंनी चिऱ्याची पन्हळ केली. हे सगळं मिळून ९२ हजार. यंत्रं आत असती तर किती गेले असते, त्याचा हिशेब करवत नाही. जमत असेल तर इमारत ऑगस्टपर्यंत रिकामी ठेवा आणि मुसळधार पावसात छत्री घेऊन तिच्याभोवती चक्कर मारा.

ऑक्टोबर ते डिसेंबर यंत्रं, वीजजोड, पाणी. बोअरवेलच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आला तो लोह जास्त असल्याचा. जांभ्याच्या भागात हे होतं. लोहाने कोकमाचा रंग काळपट पडतो, ते मला अनुभवाने माहीत होतं, पण गाळणीच्या संचाला नकाशात जागाच ठेवली नव्हती. शेवटी बाहेर उत्तरेला आठ बाय सहाची खोली काढली. पाण्याची तपासणी नकाशाच्या आधी करा. दीड-दोन हजारांचं काम आहे.

एफएसएसएआयच्या राज्य परवान्याचा अर्ज १६ जानेवारी २०२५ ला ऑनलाइन भरला. रोजचं उत्पादन एक टनाच्या आत असलं तर फी तेव्हा वर्षाला ३,००० रुपये होती. आम्ही दोन वर्षांची भरली. २९ जानेवारीला अर्ज परत आला: आराखड्यातली मापं फुटांत होती, ती मीटरमध्ये हवीत आणि प्रत्येक कामाला किती चौरस मीटर जागा आहे तेही लिहायला हवं. मॅडमनी दोन दिवसांत करून दिलं. यंत्रांची यादी त्यांच्या क्षमतेसह आणि अश्वशक्तीसह, पाण्याचा अहवाल, जागेचा पुरावा, अन्नसुरक्षा आराखडा हे आधीच जोडलेलं होतं. २४ फेब्रुवारीला तपासणी झाली. अधिकारी आधी कपडे बदलायच्या खोलीत गेले, पायाने चालणारा नळ दाबून बघितला, शौचालयाचं दार कुठे उघडतं ते बघितलं. मग बाटल्या भरायच्या खोलीत येऊन त्यांनी मगभर पाणी जमिनीवर ओतलं. ते गटाराकडे सरळ गेलं, जाळीतून उतरलं आणि दिसेनासं झालं. त्यांनी मान हलवली. माझ्या छातीतली धडधड मला ऐकू येत होती. दिवे फुटले तर काच मालात पडू नये म्हणून त्यावर आवरण हवं, एवढी एक सूचना लिहून दिली. ती त्याच संध्याकाळी पूर्ण केली. चालवण्याचं संमतीपत्र १८ फेब्रुवारीलाच आलं होतं. परवाना ११ मार्चला.

९ एप्रिल २०२५ ला पहिले २०० किलो रातांबे खालच्या दारातून आत आले. आगळ आणि अमृत कोकमाला मुरायला वेळ लागतो, म्हणून बाटल्या भरायला महिनाअखेर उजाडली. पिण्यास तयार सरबत ८५ अंशांवर गरमच काचेच्या २०० मिलिलिटरच्या बाटलीत भरतो, साधी प्लास्टिकची बाटली त्या उष्णतेला आकसते. पहिली बाटली सासऱ्यांच्या हातात दिली. गरम होती, त्यांनी ती पंच्यात धरली आणि थंड होईपर्यंत धरूनच बसले.

२०२५ मध्ये पाऊस लवकर आला. २० मेपासूनच सरी सुरू झाल्या आणि २५ मेला मान्सून तळकोकणात आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. रातांबे झाडावरच भिजत होते, लोकांनी मिळतील तेवढे भराभर उतरवले. २६ मेला एकाच दिवशी आमच्याकडे ७०० किलो आले, चिखलाने माखलेले. धुण्याचं पाणी नेहमीच्या दुपटीहून जास्त लागलं. संध्याकाळी मी गटाराशेजारी उभी राहून बघत होते: लालसर पाणी जाळीखालून वाहत होतं, तुंबलं नाही, वर आलं नाही. बाहेर पश्चिमेच्या पडवीवर झड आपटत होती आणि आत आठही जणी कोरड्या पायांनी फोडत बसल्या होत्या. जुनी पडवी असती तर त्यातले निम्मे रातांबे तरी टाकून द्यावे लागले असते.

कमी पडलेली गोष्टही सांगते. रिकाम्या बाटल्यांची खोली आम्ही १२ बाय १० ठेवली. काचेच्या बाटल्या पूर्ण ट्रकने घेतल्या तरच भाव परवडतो आणि एका ट्रकला त्याच्या दुपटीहून जास्त जागा लागते. सध्या निम्म्या बाटल्या घरच्या माळ्यावर आहेत. पूर्वेकडे २० बाय १२ ची खोली वाढवायची आहे, तिची परवानगीची फाईल गेल्या सोमवारी दिली, रस्त्याच्या मध्यापासूनचं अंतर लिहून. पाऊस उघडला की आधी खळ्यात फक्की मारू आणि काकींना क्रेट घेऊन चालायला लावू.